तिथीची पाऊणपट

‘मुलगा सातवीत आहे, ग्रहताऱ्यांचं वेड आहे, कोणती दुर्बीण घेऊ?’ असा फोन दिवाळीच्या सुमारास येतोच. बोनस हातात असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: एवढ्यात कोणतीच नको, भिंतीवरचं ‘कालनिर्णय’ खाली काढा. समोरच्याला वाटतं म्हातारा चेष्टा करतोय. आमच्याच मंडळींतले काही जण तर यावर चिडतात. शनीची कडी दाखवल्याशिवाय मूल आकाशाकडे वळत नाही, असं त्यांचं मत. दाखवा ना कडी! पण रांगेतून पुढे सरकलेल्या त्या मुलाला शनी कुठे आहे विचारलं, तर ते आकाशाकडे नाही, दुर्बिणीच्या नळीकडे बोट दाखवतं.

आकाशाची ओळख करून देण्याची आपल्याकडची परंपरा चांगली जुनी आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं तेव्हा त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असं जोडनाव दिलं. भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासावरचा १८९६चा त्यांचा ग्रंथ विद्वानांसाठी. हे पुस्तक मात्र अंगणात बाज टाकून पडलेल्या माणसासाठी. त्यांच्यानंतर व्यंकटेश बापूजी केतकर. बागलकोटचे हे शिक्षक पंचांगाच्या शुद्धीसाठी आयुष्यभर आकडे मांडत बसले आणि १९११मध्ये नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं भाकीत फ्रान्सच्या ज्योतिष मंडळाच्या पत्रिकेत छापून मोकळे झाले. त्यांचा ग्रह सूर्याला सुमारे २४२ वर्षांत फेरी घालणार होता. १९३०मध्ये सापडलेल्या प्लूटोला २४८ लागतात. यातला बराचसा योगायोग असेल, पण पंचांग म्हणजे निव्वळ मुहूर्त आणि राहुकाळ असं ज्यांना वाटतं, त्यांनी केतकरांची आठवण ठेवावी.

पुढचं भराभर सांगतो. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था, १९६६ साली मराठी विज्ञान परिषद, १९७७ साली वरळीला नेहरू तारांगण. मग हॅले. तो धूमकेतू १९८६च्या फेब्रुवारीत सूर्याजवळून गेला. दिसला तसा बेताचाच, पण गावोगावी माणसं जागवून गेला. मुंबईचं खगोल मंडळ त्याच लाटेतलं. त्यांच्या वांगणीच्या रात्री अजून नावाजलेल्या आहेत. आम्हा वसईकरांना मात्र वांगणी म्हणजे दादरला उतरा, पूल चढा, मध्य रेल्वे पकडा. तेवढ्या वेळात अर्नाळ्याला जाऊन अर्धं आकाश बघून होतं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर मराठीत लिहीत राहिले हे आपलं भाग्य. ते २०२५च्या मे महिन्यात गेले. मंगळयान, चांद्रयान, आदित्य यांची बातमी प्रत्येक घरात पोहोचली आहे, तिथे मी भर घालण्यासारखं काही नाही. एवढंच सांगतो की, २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या दिवशी चंद्र कुठे आहे हे खिडकीतून बघितलं, असा प्रश्न मला पडला होता. श्रावण शुद्ध सप्तमी होती. ढग नव्हते तिथे तो संध्याकाळी वर होता.

आता माझ्या आवडीचं. वसईचा किनारा पश्चिमेकडे उघडा आहे, आणि नवशिक्याला हवं असलेलं बरंचसं आकाश संध्याकाळी पश्चिमेलाच असतं. बीजेची कोर, शुक्र, आणि नशीब असेल तर बुधसुद्धा. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जातच नाही, त्यामुळे डोंगर किंवा इमारत आडवी आली की संपलं. १९९७च्या एप्रिलमध्ये हेल-बॉप दिसला तो वायव्येला, ऐन समुद्रावर. राजोडीच्या सुरूंमागे अंधार होता, समोर शेपूट पसरलेला धूमकेतू, आणि दुर्बीण एकाकडेही नव्हती. २१ डिसेंबर २०२०ला गुरू आणि शनी एका अंशाच्या दहाव्या भागाइतके जवळ आले, तेही सूर्य बुडाल्यावर याच बाजूला.

पण या सगळ्याच्या आधी चंद्र, आणि चंद्र शिकायचा तर पाचूबंदर-किल्लाबंदरच्या कोळ्यांकडून. ‘तिथीची पाऊणपट’ हे सूत्र मी तिथल्या एका म्हाताऱ्या तांडेलाकडून ऐकलं. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, भरती तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती. सूत्र तोंडपाठ करून उपयोग नाही, ते का चालतं हे मुलाने स्वतः शोधलं पाहिजे. एका तिथीत चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकतो. पृथ्वीला बारा अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात. म्हणून चंद्र रोज साधारण तेवढा उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग तेवढीच पुढे जाते. कोळ्यांनी ४८ची ४५ केली, हिशेब तोंडी व्हावा म्हणून. पंधरवडाभर रोज भरतीची वेळ वहीत लिहिणाऱ्या मुलाला पृथ्वीचं फिरणं, चंद्राची गती आणि गुरुत्वाकर्षण वेगळं शिकवावं लागत नाही.

नक्षत्रांचंही तसंच. ती सत्तावीस, प्रत्येकाच्या वाट्याला तेरा अंश वीस कला, आणि चंद्र दिवसाला जवळजवळ तेवढाच चालतो. कार्तिक पौर्णिमेला चंद्राजवळ कृत्तिकांचा पुंजका दिसतो का, हे एकदा बघितलं की महिन्यांची नावं पाठ करावी लागत नाहीत. मोजमापाला हात पुरतो. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे दहा अंश. वसईचा अक्षांश एकोणीस-साडेएकोणीस, म्हणून अर्नाळ्याच्या दिशेला क्षितिजावर दोन मुठी रचल्या की ध्रुव. फेब्रुवारीत दक्षिणेला अगस्त्य, तोही जेमतेम दोन मुठी. मे महिन्यात नऊच्या पुढे त्रिशंकू, त्याचा पायथा आठ अंशांवर.

त्रिशंकू आता लिहिण्यापुरताच उरला आहे. दक्षिणेला भाईंदर, गोराई आणि पलीकडे सगळी मुंबई. तिकडचं आकाश रात्रभर पिवळट-पांढरं असतं. २०११च्या जनगणनेतच आमच्या वसई-विरार महापालिका हद्दीत बारा लाखांवर माणसं होती. माणसं येणार, दिवे लागणार, याबद्दल तक्रार नाही. तक्रार दिव्यांच्या तोंडाबद्दल आहे. रस्त्यावर पडायचा उजेड वर जातो त्याचं वीजबिलही आपणच भरतो. केळीच्या वाड्यांमधून आकाशगंगा दिसायची, हे आताच्या पोरांना सांगितलं तर आजोबांची थाप समजतात. वर हे नवे ‘तारे पाहण्याचे’ कॅम्प. जव्हार-मोखाड्याचा अंधार सुंदर आहे, म्हणून तिथे जायचं, शेकोटी पेटवायची, गाणी लावायची आणि हिरवा लेझर आकाशात नाचवायचा! मोबाइलवरच्या नकाशाला माझा तितका विरोध नाही, पण त्याच्या उजेडाने डोळे दिपले की अंधाराला सरावायला पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं जातात.

दुर्बीण घेऊच नका असं मी म्हणत नाही. कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध न चाचपडता सापडू लागले की आधी साधी द्विनेत्री घ्या. देवयानीतली दीर्घिका तिच्यातून धुरकट डागासारखी दिसते आणि त्या डागाचा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. मोठ्या दुर्बिणीतूनही नवशिक्याला तो डागच दिसणार, छायाचित्रातली चक्री नाही. विक्रेते हे सांगत नाहीत.

लक्ष्मीपूजनाची रात्र सोडा, धुरात काही दिसत नाही. भाऊबीजेला ओवाळून घ्यायचं दुपारीच उरका. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडला आणि ओहोटी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास. वाळू मोकळी मिळेल. सूर्य बुडाल्याबरोबर कोर पाहा, ती फार वेळ थांबत नाही. मग पश्चिमेकडे झुकलेला अभिजित, जवळपास डोक्यावर हंस, पूर्वेला भाद्रपदांचा चौकोन. कृत्तिका वर यायला साडेआठ-नऊ वाजतील, तेव्हा डबा बरोबर घ्या, आणि मुलाला वही-पेन्सिल द्या.