चार तळहातांवरचा संसार

अठ्ठावीस वर्षे मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. घर्षण, केंद्राभिमुख बल, वेगाचा वर्ग हे सारे इतक्यांदा लिहिले की, खडू आपला आपणच फळ्यावर सरकत असे. तरीही गेल्या जुलैमध्ये खंडाळ्याच्या घाटात, भर पावसात, मी असे काही ओरडलो की त्या अठ्ठावीस वर्षांची मला लाज वाटली.

निमित्त होते मुंबईतल्या एका लग्नाचे. गाडी आमची कन्या चालवत होती. परवाना मिळून तिला वर्ष झालेले. मागे सौ. आणि माझी ऐंशीच्या घरातली आई. टपावर बॅगा बांधलेल्या. द्रुतगती मार्गावर काटा शंभरला टेकला तशी कन्या म्हणाली, "बाबा, गाडी ओढत नाही."

गाडी ओढत होती, पण समोरची हवा तिला मागे रेटत होती. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. आमच्यासारख्या छोट्या गाडीला ताशी ५० किलोमीटरला हवा साधारण ८ किलो वजनाइतक्या जोराने अडवते. ताशी १०० ला तोच जोर ३३ किलोच्या आसपास जातो. नुसती हवा कापायला लागणारी इंजिनाची शक्ती तर आठपट होते, दीड अश्वशक्तीची बारा. टपावरच्या बॅगांचा भुर्दंड निराळाच! हे ओळखून एडमुंड रुम्पलर यांनी १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात पाण्याच्या थेंबाच्या आकाराची मोटार मांडली होती. १९७९ मध्ये ती वातबोगद्यात तपासली, तेव्हा तिचा रोधगुणांक अवघा ०.२८ भरला. तो आकडा आजच्या कित्येक गाड्यांनाही साधत नाही.

पुढे एका कंटेनरला मागे टाकताना गाडी किंचित त्याच्याकडे खेचली गेली. दोन वाहनांमधल्या अरुंद फटीतून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि हलके वाहन जड वाहनाकडे ओढले जाते. कंटेनरच्या तोंडापाशी पोहोचल्यावर उलट, त्याने ढकललेली हवा आपल्याला बाहेर लोटते. कन्येने दोन्ही वेळा चाक घट्ट धरले. मी मनात तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

मग घाट लागला. उतार, पाऊस आणि डावे वळण. काटा पंच्याहत्तरच्या पुढे. वळण वाटले होते त्याहून आवळत गेले आणि मी ओरडलो, "ब्रेक! ब्रेक दाब!"

तिने दाबला. त्याच क्षणी गाडीची मागची बाजू बाहेर सरकू लागली. मागून आईचा "अगं बाई!" ऐकू आला. कन्येने पाय उचलला, चाक किंचित उलटे फिरवले आणि गाडी ताळ्यावर आली. सारे मिळून दोन सेकंदांचे काम. शेजारच्या मार्गिकेत कोणी नव्हते, हे आमचे नशीब.

चूक कोणाची? गाडी चार चाकांवर चालते असे आपण म्हणतो. पण रस्त्याला टेकतो तो प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग. वेग घेणे, थांबणे, वळणे, सारे त्या चार तळहातांनीच करायचे. त्यांची पकड म्हणजे मध्यमवर्गीयाचा पगार. ठरलेला असतो, एकीकडे जास्त खर्चला की दुसरीकडे ओढाताण. माणसांसकट आमची गाडी १२०० किलोची धरा. शंभर मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी ६० ला टायरांना आडवा जोर लागतो सुमारे ३४० किलोंचा, ताशी ८० ला ६०० किलोंचा. ओल्या रस्त्यावर पकड मिळते ती वजनाच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे पगार जवळजवळ वळण्यातच संपला होता, आणि मी पोरीला ब्रेकची उधारी करायला सांगत होतो! त्यातून ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात, त्यांची पकड आणखी कमी होते. आमची गाडी जुनी. चाके अडकू न देणारी यंत्रणाही तिच्यात नाही.

ब्रेक लावायचा तो वळणाआधी, सरळ रस्त्यावर. हे मी कित्येक तुकड्यांना शिकवले होते.

खाली खोपोलीला चहा घेताना कन्या हळूच म्हणाली, "बाबा, माझं कुठे चुकलं?"

"वेग जास्त होता, एवढंच तुझं," मी म्हणालो. "ब्रेकची चूक माझी."

घरी परतल्यावर आधी टायर पाहिले. मागच्या दोघांच्या खाचा झिजून गुळगुळीत होत आल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी नवे घातले. आता घाट आला की कन्या वळणाच्या अलीकडेच वेग उतरवते, आणि मी तोंड मिटून बसतो.