ठोसा आणि पोते

आपला वाळवा तालुका पैलवानांचा. तालीम, लाल माती, जोर, बैठका हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. मुष्टियुद्ध, म्हणजे बॉक्सिंग, मात्र तितके ठाऊक नाही. तरी या खेळात उतरलेला एक मोठा खेळाडू आपल्याच तालुक्यातला आहे. इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. लहानपणी ते कुस्ती खेळले. पुढे सैन्यात गेले आणि तिथे बॉक्सिंग शिकले. १९६४ साली सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ते टोकियोला गेले. त्यांची पुढची हकीकत शेवटी सांगतो.

हल्ली काही पोरे घरी पोते टांगून ठोसे मारताना दिसतात. चांगली गोष्ट आहे. पण रीत ठाऊक नसली तर फायदा राहतो बाजूला आणि हात जायबंदी होतो.

माझा एक जुना विद्यार्थी. सैन्यात भरती व्हायचे त्याच्या मनात होते. त्याने खताच्या रिकाम्या पोत्यात नदीची वाळू भरली आणि पोते आंब्याच्या फांदीला टांगले. रोज पहाटे उघड्या हाताने दणादण ठोसे. मी विचारले, "किती मारतोस रे?"

"पाचशे, गुरुजी. लई जोरात मारतो."

"किती ते राहू दे. कसे मारतोस ते सांग."

तो नुसता हसला. पंधरा दिवसांनी हात गळ्यात बांधून दारात उभा. करंगळीच्या मागचे, तळहातातले हाड मोडले होते. भरती तोंडावर आली होती. भरतीत आडव्या दांडीला लोंबकळून अंग वर उचलावे लागते. मोडक्या हाताने ते कसे जमणार? त्याचे ते वर्ष वाया गेले. त्याची ताकद कमी नव्हती. रीत चुकली होती.

ती रीत आता पाहू.

आधी पोते. नुसती वाळू भरू नये. वाळू खाली बसते आणि ओली झाली की दगडासारखी घट्ट होते. जाड कापडाच्या किंवा चामड्याच्या पिशवीत चिंध्या ठासून भराव्यात. पिशवीचे वजन आपल्या वजनाच्या साधारण निम्मे असावे. माणूस साठ किलोचा, तर पिशवी तीस किलोची. ती भक्कम तुळईला टांगावी. तिचा मधला भाग आपल्या छातीसमोर यावा.

मग हात. मनगटाला आणि बोटांच्या मागच्या हाडांना कापडी पट्टी गुंडाळावी. तिच्यावर बॉक्सिंगचे हातमोजे घालावेत. मूठ वळताना अंगठा बाहेर, बोटांवर ठेवावा. अंगठा आत राहिला तर तो मोडतो. ठोसा पहिल्या दोन बोटांच्या मागच्या टेंगळांवर बसला पाहिजे. करंगळीच्या बाजूचे हाड बारीक असते. त्यावर भार पडला की ते मोडते. माझ्या विद्यार्थ्याचे तसेच झाले. मनगट आणि हात एका सरळ रेषेत हवेत.

आता उभे राहणे. उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे, उजवा मागे ठेवावा. मागची टाच जरा उचललेली. गुडघे किंचित वाकलेले. हनुवटी खाली. दोन्ही मुठी गालांजवळ.

नवख्याला वाटते, ठोसा दंडातून निघतो. तसे नाही. तो पायातून निघतो. उजवा ठोसा मारताना मागचा पाय जमिनीला रेटा देतो. मग कंबर वळते, मग खांदा, आणि शेवटी हात सुटतो. कुऱ्हाड चालवणारा नुसत्या हाताने घाव घालत नाही, सारे अंग घालतो. तसेच हे. मूठ आधीपासून आवळून धरू नये, लागायच्या क्षणी आवळावी. त्याच वेळी श्वास तोंडाने बाहेर सोडावा. हात ज्या वाटेने गेला त्याच वाटेने लगेच गालाशी परत आणावा. दुसरी मूठ गालापासून हलवू नये.

ठोसा बरोबर बसला की नाही, हे पोतेच सांगते. बरोबर बसला तर फट्‌ असा आवाज येतो आणि पोते जागच्या जागी थरथरते. पोते झोपाळ्यासारखे लांब गेले, तर समजावे की आपण मारले नाही, ढकलले. मग एक तर आपण फार जवळ उभे आहोत, किंवा हात मागे घ्यायला उशीर करतो आहोत.

आधी दोरीवरच्या उड्या मारून अंग गरम करावे. सामन्यात तीन मिनिटांची एक फेरी असते आणि मध्ये एक मिनिट विसावा. नव्या माणसाने दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या कराव्यात. पहिले काही आठवडे निम्म्याच जोराने मारावे. रीत अंगात मुरली की जोर आपोआप येतो. मनगट दुखले तर त्या दिवशी थांबावे.

आपल्याकडे ही युक्ती नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा चांगले दिवस आणले. मल्लखांब म्हणजे पैलवानाचा लाकडी जोडीदार. तो थकत नाही आणि कुरकुरत नाही. पोतेही तसेच. पण ते उलटा ठोसा मारत नाही. त्यामुळे आपले हात नकळत खाली येतात आणि ती खोड सामन्यात महागात पडते. म्हणून पोत्यापुढे उस्ताद उभा हवा, आणि पुढे खरा जोडीदारही हवा.

आता पेटकरांची हकीकत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात बसली. कमरेखालचे अंग लुळे पडले. ज्या पायातून ठोसा निघतो ते पायच गेले. बॉक्सिंग संपले. पण सराव करणारा माणूस संपला नाही. ते पाण्यात उतरले. हातांच्या बळावर पोहायला शिकले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला अपंगांचे जागतिक सामने झाले. तिथे पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधले ते भारताचे पहिले सुवर्णपदक. २०१८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

माझ्या त्या विद्यार्थ्याचा हात पुढे बरा झाला. त्याने पोत्यातली वाळू ओतून टाकली आणि चिंध्या भरल्या. परवा मी विचारले, "आता किती मारतोस?"

"पन्नास, गुरुजी. पण मोजून-मापून."