पोटातला गोळा आणि अंतराळातले जीव

पेनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबादजवळ वसलेल्या जैनथ गावी लक्ष्मीनारायणाचे पुरातन मंदिर आहे. कार्तिकात तेथे जत्रा भरते. त्या जत्रेत आकाशपाळण्यातून उतरलेल्या आमच्या पुतण्याने विचारले, “काका, पाळणा खाली येताना पोटात गोळा का येतो?”

प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर पार अंतराळापर्यंत जाते. आपल्या अंतर्कर्णात चुन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. ते आपल्या भाराने खालच्या नाजूक पेशींवर रेलतात आणि ‘खाली’ म्हणजे कोणीकडे, हे मेंदूस कळते. पाळणा वेगाने उतरू लागला की हा भार क्षणभर हलका होतो. अंतराळयानात हीच अवस्था अहोरात्र असते. जीवसृष्टीच्या जन्मापासून सोबत असलेले हे ओझे नाहीसे झाल्यावर मज्जासंस्था काय करीत असेल?

१९७३ साली एका अमेरिकन शाळकरी मुलीच्या सूचनेवरून ‘स्कायलॅब’मध्ये दोन कोळी पाठविण्यात आले. त्यांपैकी ‘अ‍ॅराबेला’चे पहिले जाळे अगदीच वेडेवाकडे झाले, परंतु थोड्याच दिवसांत ती पुन्हा नीटस जाळे विणू लागली. १९९८ च्या ‘न्यूरोलॅब’ मोहिमेत टोडफिश नावाचे मासे होते. परतल्यावर पहिल्या दिवशी त्यांच्या कानातील मज्जातंतू नेहमीच्या सुमारे तिपटीने संवेदनशील आढळले. साधारण ३० तासांनी ते पूर्ववत झाले. हरवलेला भार शोधण्यासाठी त्यांनी जणू कान टवकारले होते!

जेलीफिशची कथा मात्र विचारात पाडणारी आहे. १९९१ साली त्यांची सुमारे अडीच हजार पिल्ले ‘कोलंबिया’ यानातून गेली. जी अंतराळातच विकसित झाली, त्यांची तोल सांभाळणारी इंद्रिये वरकरणी निर्दोष होती. तरीही पृथ्वीवर आल्यावर, येथेच वाढलेल्यांच्या मानाने त्यांच्यातील अधिक पिल्लांची पोहण्याची लय बिघडलेली दिसली.

२०२५ साली अंतराळ स्थानकावरून परतलेल्या शुभांशु शुक्ला यांनाही पुन्हा चालण्याचा सराव करावा लागला. पण त्यांचे शरीर चालणे पूर्वी शिकलेले होते. शिकलेले पुन्हा आठवणे निराळे आणि कधी शिकलेच नाही ते आत्मसात करणे निराळे. जेलीफिशवरून माणसाविषयी निष्कर्ष काढणे घाईचे होईल, हे खरे. तथापि चंद्रावर, मंगळावर कुटुंबे वसविण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी तेथे वाढणाऱ्या बालकांचा विचार आधी करावयास हवा.

पुतण्याला आम्ही एवढेच सांगितले, “बाळ, तुझ्या कानाला जमिनीची सवय आहे. ती क्षणभर सुटली, म्हणून गोळा आला.” त्याने दोन पावले झोकांड्या खात टाकली; तिसरे नीट पडले.