श्वास पाहायचा, ओढायचा नाही

ध्यान म्हणजे डोळे मिटून सगळे विसरणे, असा समज आपल्या वस्त्यांत अजूनही आहे. पालीतील ‘सति’ शब्दाचा अर्थ याच्या उलट आहे: स्मृती, भान.

मज्झिम निकायातील 118 वे सुत्त आनापानसतीचे. श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, असे जाणत राहण्यापासून त्यातील साधना सुरू होते. प्राणायामात श्वासाला वळण लावतात, रोखतात. इथे तो जसा आहे तसा पाहायचा. विहारात शिकवताना नेमका हाच फरक सुटतो आणि उपासक जोरजोरात श्वास ओढत बसतात!

तणावात छाती धडधडते, जबडा आवळतो, श्वास आखूड होतो. प्रसंग संपतो, पण मन तोच घोळवत राहते आणि शरीरही सावधच राहते. श्वासाकडे लक्ष नेले की ते घोळवणे तुटते. दोन मिनिटांत मन पुन्हा पळते. त्याला परत आणायचे, न चिडता. हे परत आणणे हीच साधना.

अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुग्णांसाठी असा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो 8 आठवड्यांचा म्हणून रुळला. त्यात बसून ध्यान आहे, तशी सोपी योगासनेही. योग म्हटले की आपल्यातले काही जण बिचकतात. दिवसभर वाकून भांडी घासणाऱ्या ताईंनी पाठ-खांदे सैल करण्यापुरती आसने केली, तर त्यात धम्माला बाधा येत नाही, असे माझे मत आहे.

मात्र ठेकेदाराने तीन महिने पगार थकवला असेल, तर श्वास पाहून पगार येत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये माणसाचे माणसाशी असलेले नाते केंद्रस्थानी ठेवले. ‘शांत राहा’ हा सल्ला अन्याय सोसण्यासाठी दिला जातो, तेव्हा तो धम्म नव्हे. ध्यानाने रात्रीची झोप लागावी, डोके थंड राहावे आणि सकाळी चार जणींनी मिळून कामगार कार्यालयात अर्ज द्यावा, हे दोन्ही एकत्र जमते.

सुरुवात रोज 10 मिनिटांनी करा. खुर्चीवर बसलात तरी चालेल. बसल्यावर घुसमट वाढत असेल, जुने आघात वर येत असतील, तर थांबा. झोप, भूक उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर ध्यानावर विसंबू नका. टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.