ध्रुवाकडची बोट पकडण्यापूर्वी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत रविवारी पेंग्विनच्या काचेपुढे झुंबड उडते. लालबाग-परळहून आलेल्या पोराटोरांना आणि त्यांच्या आजी-आजोबांनाही वाटतं, हे पक्षी बर्फातले. आतलं तापमान 16 ते 18 अंश, म्हणजे मुंबईकराच्या लेखी बर्फच म्हणायचा. प्रत्यक्षात हे हम्बोल्ट पेंग्विन. जुलै 2016 मध्ये ते दक्षिण कोरियातल्या सोलहून इथे आले, पण त्यांच्या जातीचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. तिथे पाठीशी वाळवंट असतं आणि समोर थंड पाण्याचा प्रवाह.

अंटार्क्टिकाचा खराखुरा पाहुणा आपल्याकडे दर पावसाळ्यात येतो. मासेमारीबंदी 31 जुलैला संपते, ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरून ट्रॉलर पुन्हा दर्यात शिरतात, त्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यापुढच्या खोल समुद्रात विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल नावाचा पक्षी भिरभिरत असतो. चिमणीहून थोडा मोठा, वजन जेमतेम 40 ग्रॅम, रंग काळपट, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, पायांच्या बोटांमधला पडदा पिवळा. पंख पसरून, लांब पाय पाण्याला टेकवत तो लाटांवर अक्षरशः चालत खातो. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि भोवतालच्या बेटांवर, खडकांच्या फटीत त्याचं घरटं असतं. अंडं एकच. तिकडे हिवाळा सुरू झाला की तो उत्तरेकडे निघतो आणि त्याच जातीतले काही पक्षी 9,000 किलोमीटरहून अधिक अंतर कापून अरबी समुद्रात पोचतात.

अरबी समुद्रच का? नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे सोमालिया, ओमान आणि आपल्या केरळ-कर्नाटकाच्या बाजूला खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. त्यावर वनस्पती प्लवंग माजतो, त्याला खायला प्राणी प्लवंग जमतो. हे खाणं चालू असताना डायमिथाइल सल्फाइड हा वायू सुटतो. दर्याचा म्हणून आपण जो वास ओळखतो, त्यातला तो एक घटक. गॅब्रिएल नेविट या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी 1995 मध्ये दाखवलं, की पेट्रेलच्या कुळातले काही पक्षी या वासाच्या मागावर अन्न शोधतात. पाटी नाही, खूण नाही, चहूकडे नुसतं पाणी, आणि हा पक्षी नाकाने जेवणापर्यंत पोचतो.

याच्या उलट दिशेला आता मुंबईकरही निघाले आहेत. पर्यटन कंपन्यांच्या पत्रकांत युरोप-जपानच्या शेजारी अंटार्क्टिका झळकते. विमानं बदलत अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला उशुआया गाठायचं, तिथून जहाज. मग ड्रेक सामुद्रधुनीचे दोन दिवस. जगातल्या सर्वांत खवळलेल्या पाण्यांपैकी हे एक. बरेच जण ते गोळी घेऊन केबिनमध्ये आडवे होऊन काढतात, हे समजण्यासारखं आहे, पण नुकसानीचं आहे. कारण तीन मीटरहून अधिक पंखविस्ताराचा भटका अल्बट्रॉस इथेच जहाजाच्या मागे तरंगतो, आणि त्याच्या खाली, लाटांच्या खळग्यांत, तेच काळे पेट्रेल.

वाटेत एका अदृश्य रेषेपाशी पाण्याचं तापमान थोड्याच अंतरात काही अंशांनी उतरतं. दक्षिणेचं थंड पाणी इथे उत्तरेच्या उबदार पाण्याखाली जातं. या रेषेपलीकडचं जग क्रिलवर चालतं. क्रिल म्हणजे कोळंबीसारखा, जास्तीत जास्त सहा सेंटिमीटरचा जीव. पण थवे एवढे, की एकूण वजन कोट्यवधी टनांत मोजावं लागतं. देवमासा, सील, पेंग्विन सगळे थेट किंवा आडमार्गाने त्याच्यावर जगतात. त्याची पिल्लं हिवाळ्यात समुद्री बर्फाच्या पोटाला चिकटलेलं शेवाळ खरवडून खातात. बर्फ घटला की क्रिलची पंचाईत होते.

या अन्नसाखळीचा अभ्यास करायला एक मराठी बाई जहाजाने गेल्या होत्या, 1983 च्या डिसेंबरात. डॉ. अदिती पंत, नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या घराण्यातल्या, पुणे विद्यापीठाच्या पदवीधर, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञ. भारताची पहिली मोहीम 6 डिसेंबर 1981 ला डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली होती. पंत तिसऱ्या मोहिमेत होत्या. त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या स्त्रिया. तेव्हा गोव्यापासूनच जहाज, मध्ये चाळीस अक्षांशांपुढचे गर्जणारे वारे, आणि फोटोसाठी थांबणं वगैरे काही नाही.

आजच्या प्रवाशाला किनाऱ्यावर उतरण्याआधी झडती द्यावी लागते. जाकिटाचे खिसे, वेल्क्रो, बॅगेच्या शिवणी व्हॅक्यूमने साफ होतात, बूट जंतुनाशकात बुडवले जातात. हा सोवळेपणा उगाच नाही. पोआ अ‍ॅनुआ हे साधं गवत माणसांबरोबर किंग जॉर्ज बेटावर पोचलं, 1980 च्या दशकात तिथे रुजलं, आणि ते उपटून काढता काढता शास्त्रज्ञांच्या नाकी नऊ आले. ऑक्टोबर 2023 मध्ये बर्ड फ्लूचा विषाणू दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवर स्कुआ पक्ष्यांत सापडला, फेब्रुवारी 2024 मध्ये खुद्द अंटार्क्टिकाच्या भूमीवर. या साथीच्या धोक्यापायी किनाऱ्यावर बसायला, गुडघे टेकायला, बॅग खाली ठेवायलाही मनाई आहे. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचं. तो स्वतः चालत आला तर माणसाने वाट द्यायची.

एका ठिकाणी एका वेळी 100 च माणसं उतरतात, आणि 500 हून अधिक प्रवाशांच्या जहाजावरून कोणीच उतरत नाही. हे नियम सरकारांच्या आधी जहाज कंपन्यांच्या संघटनेने पाळायला घेतले. 1991 मध्ये सात कंपन्यांनी ती स्थापन केली. 2023-24 च्या हंगामात प्रवाशांचा आकडा 1,20,000 च्या वर गेला आणि स्वयंशिस्त पुरेल का, हा प्रश्न मे 2024 मध्ये कोचीत भरलेल्या अंटार्क्टिक कराराच्या 46 व्या बैठकीत चर्चेला आला. भारताने 2022 मध्ये स्वतःचा अंटार्क्टिक कायदा केला आहे. जहाजांच्या धुरातली काजळी बर्फावर बसून तो लवकर वितळवते, हेही मोजलं गेलं आहे. तेव्हा ‘जायचंच नाही’ म्हणणाऱ्यांकडे मुद्दा आहे.

ज्यांना जायचंच आहे, त्यांनी दादरच्या बुकिंग खिडकीवर जेवणात वरणभात असेल का, हे जरूर विचारावं. पण त्याआधी जहाजावर प्रवासी किती, हे विचारावं. दीडशे-दोनशे असतील तर दोन तुकड्यांत सगळे उतरतात. साडेचारशे असतील तर पाच तुकड्या होतात आणि वेळेची वाटणी पाच ठिकाणी. सहाशे असतील तर पेंग्विन डेकवरूनच, दुर्बिणीतून.