गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन एजन्सीची निवड

निवासी गृहसंकुलाचा दैनंदिन कारभार पाहण्यासाठी मोबदला देऊन नेमलेल्या व्यक्तीस अथवा कंपनीस व्यवस्थापन एजन्सी म्हणतात. साफसफाई, पहारा, पाण्याचे पंप व लिफ्ट यांची देखभाल, देखभाल शुल्काची आकारणी व वसुली, हिशेब आणि पत्रव्यवहार ही कामे तिच्याकडे सोपवली जातात. महाराष्ट्रात ही एजन्सी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वतीने काम करते; ती संस्थेची जागा घेत नाही.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार संस्थेचे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे व कारभार निर्वाचित व्यवस्थापक समितीकडे असतो. २०१९ च्या दुरुस्तीने या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. समिती कामे सोपवू शकते, जबाबदारी मात्र सोपवू शकत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते. ते राहून गेल्यास जाब संस्थेलाच द्यावा लागतो. म्हणून एजन्सी किती कामे करील यापेक्षा तिच्या कामावर संस्थेला कितपत लक्ष ठेवता येईल, हा निवडीतील मुख्य प्रश्न ठरतो.

निवडीची पद्धत

प्रथम कामांची यादी करून प्रत्येक कामाची वारंवारता ठरवली जाते. उदाहरणार्थ, टाक्यांची सफाई किती महिन्यांनी व्हावी किंवा जिना दिवसातून किती वेळा झाडला जावा. त्या यादीवर निविदा मागवल्यास दरांची तुलना करता येते. यादीशिवाय मागवलेले दर वेगवेगळ्या कामांचे असतात व त्यांची तुलना फसवी ठरते. एजन्सी सध्या सांभाळत असलेल्या दोन-तीन संकुलांना प्रत्यक्ष भेट देऊन तेथील रहिवाशांशी बोलणे, हा पाहणीचा उपयुक्त मार्ग आहे. पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीकडे खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५ खालील परवाना असणे आवश्यक असते.

सर्वांत कमी दर

कमी दराची पडताळणी मनुष्यबळाच्या हिशेबाने होते. एका प्रवेशद्वारावर अहोरात्र पहारा ठेवायचा तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. प्रत्येकी ४८ तासांप्रमाणे त्यासाठी साडेतीन माणसे लागतात. निविदेत दोनच माणसे दाखवलेली असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला ८४ तास येतात. म्हणजे साप्ताहिक सुटीशिवाय रोज १२ तासांची पाळी. अशा दरातील बचत कामगाराच्या विश्रांतीतून व वेतनातून निघते आणि त्याची किंमत पुढे सुरक्षिततेत मोजावी लागते. म्हणून निविदेत वेतन, भविष्य निर्वाह निधी, साहित्य व एजन्सीचा मोबदला यांचे आकडे स्वतंत्र मागवले जातात. दुरुस्तीच्या खर्चावर टक्केवारीने मोबदला ठरल्यास खर्च वाढवण्यात एजन्सीचे हित निर्माण होते.

निधी व तपासण्या

आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधीसाठी जमा करावयाचे असतात. ही रक्कम संस्थेच्या नावावरील बँक खात्यात राहते. धनादेशावर सही करण्याचा अधिकार एजन्सीला न देता पदाधिकाऱ्यांकडेच ठेवणे सुरक्षित मानले जाते. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा व त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करावयाचे असते. हे काम पात्र अभियंत्याचे असून एजन्सीचा अभिप्राय त्याला पर्याय ठरत नाही.

करार

करार लेखी व मुदतीचा असतो. त्यात कामांची यादी, मासिक अहवाल, तक्रार निवारणाचा कालावधी व करार संपुष्टात आणण्याची पूर्वसूचना यांचा उल्लेख केला जातो. करार संपल्यावर इमारतीचे नकाशे, लिफ्टच्या देखभालीची कागदपत्रे, सभासदांची नोंदवही, हिशेबाच्या संगणकीय नोंदी व त्यांचे पासवर्ड ठरावीक दिवसांत परत करण्याची अट महत्त्वाची असते. ही अट नसल्यास असमाधानकारक एजन्सी बदलणेही संस्थेला कठीण जाते.