दोन किलोचं पिस्तूल आणि खडकीचं काडतूस

डेझर्ट ईगल हे नाव सिनेमामुळे आणि मोबाइलवरच्या खेळांमुळे पुण्यातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. ते मोठं मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाचं, पिस्तूल पुण्यात रीतसर नवं विकत घेता येत नाही. मग समज असा होतो, की एवढं जबरदस्त हत्यार सरकार सामान्य माणसाच्या हाती देईलच कशाला; ताकद जास्त, म्हणून बंदी. हा समज चुकीचा आहे आणि तो का चुकतो हे तपासताना या यंत्राचा स्वभावही उलगडतो. आपल्या कायद्याने पिस्तुलाची ताकद कधी मोजलीच नाही. त्याने पाहिलं ते काडतूस: ते कोणाच्या कोठारातलं आणि आणखी कोणत्या हत्यारात बसतं. कायदाच कशाला, बाजार, नेमबाजीचा खेळ, लष्कर आणि खुद्द मॅग्नम पिस्तुलं बनवणारे, या सगळ्यांच्या हिशेबात शेवटी काडतूसच निर्णायक ठरलेलं दिसतं.

आधी यंत्र पाहू. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९७९ साली निघालेल्या मॅग्नम रिसर्च कंपनीची ही कल्पना. १९८०च्या दशकात ती प्रत्यक्षात उतरवली इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीजने. साध्या .३२ पिस्तुलात गोळी सुटल्यावर मागे येणारा जोर वरच्या स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच आवरतो. ९ मिलिमीटरला तेवढं पुरत नाही. तिथे नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून मागे येतात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि अडकण सुटते. जॉन ब्राउनिंगची ही युक्ती जगातल्या बहुतेक लष्करी पिस्तुलांनी उचलली. डेझर्ट ईगलने मात्र रायफलची रचना पिस्तुलात कोंबली. नळी जागची हलत नाही. काडतुसाच्या घराजवळच्या बारीक भोकातून थोडा वायू बाहेर पडतो, नळीखालच्या वाटेने तोंडापर्यंत जातो, तिथून दट्ट्याला मागे ढकलतो आणि फिरणारा बोल्ट उघडतो. एवढा खटाटोप कशासाठी, ते आकड्यांत दिसतं. .३२च्या गोळीची ऊर्जा साधारण पावणेदोनशे ज्यूल, ९ मिलिमीटरची पाचशेच्या आसपास, .४४ मॅग्नमची बाराशेच्या घरात, आणि १९९१ साली या पिस्तुलासाठी आलेल्या .५० काडतुसाची जवळपास दोन हजार, म्हणजे एके-४७च्या गोळीइतकी. पिस्तुलाचं वजन रिकामं असतानाच सुमारे दोन किलो, आणि .५०च्या मॅगझिनमध्ये गोळ्या फक्त ७.

मॅग्नम काडतूस चालवणारं स्वयंभरण पिस्तूल बनवणं कठीण होतं, पण ते आधीही बनलं होतं. कॅलिफोर्नियात १९७१ साली ऑटो मॅग नावाचं सुबक .४४ पिस्तूल बाजारात आलं आणि १९७२ मध्येच कंपनीचं दिवाळं वाजलं. खर्चाचं गणित चुकलं होतंच; शिवाय त्याचं काडतूस दुकानात तयार मिळतच नव्हतं. सुरुवातीच्या ग्राहकांना रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या कापून, त्यात दारू भरून स्वतःची काडतुसं स्वतःच तयार करावी लागली. डेझर्ट ईगलच्या कर्त्यांनी यापासून धडा घेतला असावा. त्यांनी नवं काडतूस काढण्याच्या आधी १९३५पासून मिळणारं .३५७ मॅग्नम आणि १९५०च्या दशकातलं .४४ मॅग्नम ही रिव्हॉल्व्हरची काडतुसं घेतली. बुडाला कडा असलेलं काडतूस मॅगझिनमधून सुरळीत वर चढवणं फार त्रासाचं असतं; तो त्रास पत्करला, कारण ही काडतुसं अमेरिकेत गल्लोगल्ली मिळत होती. माझ्या मते या पिस्तुलाच्या यशाचं श्रेय वायूच्या करामतीपेक्षा या निर्णयाला अधिक आहे.

आता आपला कायदा. १९५९च्या शस्त्र कायद्यात घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात अशी हत्यारं निषिद्ध आहेत. ते समजण्यासारखं आहे. पण १९६२च्या नियमावलीच्या पहिल्या परिशिष्टातली वर्गवारी अधिक बोलकी आहे. लष्करी .३८० आणि .४५५ची कडा असलेली, किंवा लष्करी ९ मिलिमीटर आणि .४५ची बिनकडेची काडतुसं ज्यात बसून उडू शकतात, ती पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं निषिद्ध. बाकीची साध्या परवान्यावर. २०१६च्या नियमावलीनेही हा सांगाडा ठेवला. या शब्दांत .३५७ किंवा .४४ मॅग्नम कुठेच सापडत नाही. म्हणजे पाचशे ज्यूलचं ९ मिलिमीटर निषिद्ध आणि त्याहून कितीतरी जोरकस मॅग्नम मोकळं. भीती गोळीच्या जोराची नाही, सरकारी काडतूस कोठारातून बाहेर पडून खासगी हत्यारात जाण्याची आहे. ही भीती जुनी आहे, आणि इंग्रजी राज्याला ती असायला कारणंही होती. लंडनहून सावरकरांनी पाठवलेली २० ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांनी पेटीच्या चोरकप्प्यातून आणली. त्यांतल्याच एकाने १९०९च्या डिसेंबरात नाशिकला कलेक्टर जॅक्सन मारला गेला. एकदा पिस्तूल आत आलं की ते उपाशी ठेवणं हाच सरकारपुढचा उपाय उरतो.

पुण्यात परवान्यासाठी अर्ज पोलीस आयुक्तांकडे करावा लागतो. वय २१ पूर्ण, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, पोलिसांची चौकशी आणि जिवाला धोका असल्याचं पटण्याजोगं कारण. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. एवढं झाल्यावर दुकानात समोर येतं ते मुख्यतः .३२: सरकारी कारखान्याचं अशनी पिस्तूल किंवा त्याच बोअरचं रिव्हॉल्व्हर. मॅग्नम नाही, कारण १९८०च्या दशकाच्या मध्यापासून नामांकित नेमबाजांसारखे अपवाद सोडता व्यक्तीला बंदूक आयात करता येत नाही. म्हणजे मॅग्नमला अडवतो तो शस्त्र कायदा नाही, आयात धोरण. त्याआधी आलेली काही .३५७ रिव्हॉल्व्हरं अजून हातोहात फिरतात आणि अवाच्या सवा भावाने विकली जातात. पण घेणाऱ्याची खरी अडचण सौदा झाल्यावर सुरू होते: गोळ्या कुठून आणायच्या? खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून काडतुसं बनवतो. शेतकऱ्यांच्या १२ बोअर बंदुकांत जाणाऱ्या काडतुसांवरची केएफ ही अक्षरं त्याच्याच नावाची. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा बंदुकांच्या कंपनीचं मुख्यालय कानपूरला गेलं आणि दारूगोळ्याच्या म्युनिशन्स इंडियाचं पुण्यात आलं. पण दारूगोळा असा दारात बनत असला तरी मूठभर जुन्या मॅग्नमवाल्यांसाठी कोणताही कारखाना वेगळी यंत्रमाळ चालवणार नाही.

खेळासाठी तरी? १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीची रेंज आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटरच्या सेंटर फायर प्रकारात पिस्तुलाच्या नळीचा व्यास ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर चालतो, वजन १,४०० ग्रॅमपर्यंत. म्हणजे .४४ आणि .५० व्यासावरच बाद; .३५७ व्यासात बसतं, पण वजनात अडकतं. त्याहून गंमत शिशाची. स्पर्धेत गोळी निव्वळ शिशाची किंवा तशाच मऊ धातूची लागते, वेष्टनाची चालत नाही. आणि डेझर्ट ईगलला उघड्या शिशाचं वावडं, कारण शिसं वायूच्या बारीक भोकात साचून ते बुजवतं. खेळ जे काडतूस मागतो तेच या यंत्राला पचत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते .२२ पिस्तुलावर, ज्याच्या गोळीत .३२इतकाही दम नसतो.

लष्करालाही जोर नको आहे. पाषाणची शस्त्रसंशोधन संस्था एआरडीई आणि महूचं इन्फंट्री स्कूल यांनी मिळून बनवलेलं अस्मी हे मशीन पिस्तूल २०२१ साली जाहीर झालं. वरचा भाग विमानाला वापरतात त्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, घोड्याचे भाग धातूच्या त्रिमिती छपाईने घडवलेले. इतकं सगळं नवं, आणि काडतूस मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीचं ९ मिलिमीटर. जे कोठारात आहे आणि ज्याच्या ३३ गोळ्या मॅगझिनमध्ये मावतात, ते सैनिकाच्या जास्त कामाचं.

यावर आक्षेप येईल, की स्वसंरक्षणाला जोर हवाच. पुण्यातलाच दाखला देता येईल: २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर जवळून गोळ्या झाडल्या आणि खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणामुळे तो बचावला असं सांगितलं जातं. मॅग्नमपुढे बटण टिकलं नसतं, हे खरं. पण भिंतीला भिंत लागलेल्या सोसायटीत चुकलेली मॅग्नमची गोळी शेजाऱ्याच्या घरात जाऊ शकते, आणि गोळी न चुकण्यासाठी जो सराव लागतो त्याला काडतुसं लागतात. वर्षाकाठी दहा गोळ्याही मिळण्याची शाश्वती नसलेलं हत्यार हातात बसणार कसं? दुसरा आक्षेप कायद्याच्या कसोटीवर आहे आणि तो मला बराचसा मान्य आहे. ९ मिलिमीटर आज जगभर सर्वत्र मिळतं. कोठाराच्या काळजीने केलेली ही विभागणी शिळी झाली आहे. पण तिच्या जागी ज्यूलची मर्यादा आणली तर मॅग्नमप्रेमींची बाजू अधिकच पडेल, एवढं त्यांनी लक्षात घ्यावं.

उरतो तो निव्वळ यंत्राच्या ओढीने ते मागणारा माणूस. त्याचंच कारण मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, कारण अमेरिकेतही हे पिस्तूल मुख्यतः शिकार, धातूच्या आकृत्यांवरची नेमबाजी आणि हौस यांवरच जगलं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचं कारण संपलं, तेव्हा हौसच राहिली. मुलाकडे न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला गेलेल्या पुणेकराला ती लास व्हेगासमध्ये भाड्याच्या रेंजवर भागवता येते. .५०ची एक गोळी दुकानातच दोन-तीन डॉलरला पडते. रेंजवर त्याहून महाग. सात गोळ्यांची एक मॅगझिन संपली की बहुतेक जण बिलाकडे पाहून थांबतात.